रुपीबाईचे तीन तारे

कळंब,
१६ ऑक्टोबर २०२४

प्रिय प्रेरणाताईंस,
निकितावहिनीचा स. न. वि. वि.

नणंद वयाने लहान असली तरी मानाने मोठी, त्यामुळे आशीर्वाद द्यावा की नमस्कार करावा, हे मला लग्नाला चार वर्षं होऊनही उमगलेलं नाही. दोन्ही पाठवते, हवं ते ठेवून घ्या. फोन सोडून कागद कशाला, असं विचाराल. तुमचा फोन आला की मामाजी, लेकीचा आवाज म्हणून, तो स्पीकरवर टाकून ओसरीत बसतात आणि माझ्या वाट्याला 'बरी आहे' एवढंच येतं.

तुमच्या 'वेचणी' ॲपची बातमी फोटोसकट पेपरात आली. मामाजी तो अंक घेऊन अख्ख्या बाजारात फिरले. चहावाला, खतवाला, एसटीचा कंडक्टर, कोणी सुटलं नाही. आपली पोरगी पुण्यात कंपनी काढते, शेतकऱ्याला घरबसल्या कापूस वेचणाऱ्या बाया मिळवून देते, असं सांगताना त्यांचा आवाज चढतो. सूनही संगणकाची पदवीधर आहे, हे मात्र त्यांना कधी कोणाला सांगावंसं वाटलं नाही. खोटं कशाला बोलू, ताई, माझ्या पोटात दुखलं. चांगलंच दुखलं.

परवा शेतात सीतादही झाली. आईंनी पहिल्या बोंडांना दहीभात दाखवला आणि वेचणी सुरू केली. यंदा मजूर ॲपवरूनच बोलवायचे असा मामाजींचा हट्ट, म्हणून तुमच्या दादांनी रुपीबाईच्या टोळीला फोनमधून बोलावलं. तांडा आपल्या शेताच्या धुऱ्याला लागून आहे, हाक मारली असती तरी त्या आल्या असत्या. रुपीबाई दिवसभर तुमचंच गाणं गात होती. प्रेरणा अशी, प्रेरणा तशी, असं लेकरू नशिबानं भेटते. मी तिच्या शेजारच्या ओळीत वेचत होते. संध्याकाळी फोनने विचारलं, कोणत्या बाईला पाचपैकी किती तारे? दादांना कापूस मोजायचा होता, त्यांनी फोन माझ्या हातात दिला. मी दिले.

तब्येत सांभाळा. तुमच्या कीर्तीत आमच्यावरचा लोभ हरवू देऊ नका.

आपली वहिनी,
निकिता

पुणे,
२४ ऑक्टोबर २०२४

ती. सौ. निकितावहिनीस,
प्रेरणाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तुझं पोट दुखतं हे तू सरळ लिहितेस, म्हणून तुझ्यावर रागावताही येत नाही. पण ज्या फोटोवर तू जळतेस त्यामागचं ऐक. ॲपचा रंग हिरवा असावा की कापसासारखा पांढरा, यावर आम्ही दोन महिने वाद घातला. बाबांच्या फोनवर ते उघडतं का, हे बघायला कोणालाच सुचलं नाही. नेरकडच्या बायांची नोंदणी झाली, तर फोन नवऱ्यांच्या खिशात. बाई शेतात आणि कामाचा निरोप यवतमाळच्या पानठेल्यावर. माझी भागीदार मिताली पहिल्या दिवसापासून बरोबर होती, तिने गेल्या आठवड्यात पक्की नोकरी धरली. जाताना माझ्या गळ्यात पडून रडली. मी रडले नाही, कारण तिच्या वाटणीचं कामही मलाच करायचं होतं.

ज्यांनी कंपनीत पैसे घातलेत त्यांना डिसेंबरअखेर एका तरी तालुक्यात लोक हे नेमाने वापरताना दिसले पाहिजेत. नाही तर बंद. मी आपला कळंब तालुका सांगून बसले, आपलं गाव आहे म्हणून. आणि तिथलंच काम एकाएकी थांबलंय. रुपीबाईची टोळी निरोपाला उत्तर देत नाही, तिचं बघून बाकीच्याही गप्प. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते माझ्याच नशिबी यावं? वहिनी, जरा विचारून कळव. तुझ्याशिवाय तिथे मी ज्याला सांगू शकेन असं कोणी नाही.

दादाला आणि आईला नमस्कार. माझ्यावर जळत राहा, पण पत्र लिहीत राहा.

तुझी,
प्रेरणा

कळंब,
३ नोव्हेंबर २०२४

प्रिय प्रेरणाताईंस,
निकिताचा स. न. वि. वि.

दिवाळीत तुमची वाट पाहिली. आईंनी तुमच्यासाठी वेगळे काढलेले अनारसे शेवटी आम्हीच खाल्ले. मी जास्त खाल्ले.

तुम्ही विचारलंत ते कळलं. ॲपमध्ये रुपीबाईला तीन तारे आणि तिच्या धाकट्या जावेला पाच. जावेने ते तांडाभर दाखवलं. ज्या बाईने तिला बोंडातून कापूस कसा सोडवायचा हे शिकवलं, तिलाच ती म्हणाली की आता टोळी मी चालवतो. दोन चुली बोलेनाशा झाल्या. रुपीबाईने आपल्या बाया घेतल्या आणि बाभुळगावकडच्या एका शेतकऱ्याकडे गेली. तो म्हणे नुसत्या शब्दावर बोलावतो. तिने निरोप दिला आहे की माणसाले तारे कायले लावता, आमी काय शाळेतले पोट्टे हाओत का?

ताई, राग मानू नका, पण शेतात निकाल लावायची बुद्धी तुम्हाला कोणी दिली? पुण्यात रिक्षावाल्याला तारे दिले तर तो पुन्हा भेटत नाही. इथे ती जाऊ रोज त्याच हापशावर भेटते. एवढ्या शिकलेल्या लोकांत हे एकाच्याही डोक्यात आलं नाही, याचं मला नवल वाटतं. थोडं बरंही वाटलं, तेही लिहूनच टाकते.

आपला कापूस अजून झाडावरच आहे. मामाजी आता पेपर उघडतात आणि लगेच घडी घालतात. थंडी पडली आहे, स्वेटर घालत जा.

लोभ आहेच, तो वाढवावा.

निकिता

पुणे,
११ नोव्हेंबर २०२४

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

इथे बसल्या बसल्या मला दिसतं, वहिनी. रुपीबाईचे तीन तारे दादाच्या फोनवरून गेलेत. आणि त्या संध्याकाळी दादाचा फोन कोणाच्या हातात होता, हे तूच मला लिहिलं आहेस.

आधी खूप संतापले. तुला फोन लावला आणि बाबांनी उचलला म्हणून ठेवून दिला. मग रुपीबाईला लावला. ती रडली. म्हणाली, दुसऱ्या कोणी एक बी तारा देला नसता तं मी हासलो असतो, पण हे निकिताबाईच्या घरून आलं. तिला माझ्या ॲपचं काही वाटलं नाही. तुझंच वाटलं.

आता माझं ऐक. लग्न होऊन तू त्या घरात आलीस आणि चार वर्षांत माझं गाव तुझं झालं. कोणाची सून अडली, कोणाला बँकेत जायचं, तांड्यावर कोण आजारी, सगळे निकिताबाईला विचारतात. मी तिथे जन्मले आणि आता मला तिथे पाव्हणीसारखा चहा मिळतो. मी वर्षभर खपून जे उभं केलं ते तू एका बोटाने आडवं केलंस, कारण तुझ्या बोटाला तिथे किंमत आहे. माझा तुझ्यावर किती जीव जळतो, सांगू? तुझ्यापेक्षा जास्त.

तारे आजच काढून टाकले. कोणाला सांगणार नाही, बाबांना तर नाहीच. पुढे काय करायचं ते मला सुचत नाही. डिसेंबर जवळ आला.

या पत्रावर रागावलीस तरी उत्तर धाड.

प्रेरणा

कळंब,
२० नोव्हेंबर २०२४

प्रिय प्रेरणाताईंस,
तुमच्या वहिनीचे अ. उ. आ. आज नमस्कार नाही, मोठेपण घेते.

तुमचं पत्र आलं त्याच दुपारी तांड्यावर गेले. रुपीबाई चुलीपाशी होती. मी तिला सरळ सांगितलं की तारे मी दिले, आणि का दिले तेही. म्हटलं, तू दिवसभर प्रेरणाचं कौतुक करत होतीस आणि माझ्याने ऐकवलं नाही. तिने भाकरी तव्यावर तशीच ठेवली आणि माझ्याकडे वळली. मग म्हणाली की मालकाच्या वावरात उभं राहून मालकाच्या पोरीचं चांगलं नाही बोलाचं तं कोणाचं बोलाचं? पोरगी परगावची झाली, तिचं कौतुक करा लागते. तुयं काहून करू, तू तं आमच्यातली हायेस.

ताई, मी तिथेच बसले. भाकरी करपली, ती आम्ही दोघींनी खाल्ली.

टोळी काल आपल्या शेतात आली. जावेला रुपीबाईनेच हाक मारली. पण तुमचं ॲप असं चालायचं नाही. काम एकेका बाईच्या नावावर जाता कामा नये, टोळीच्या नावावर गेलं पाहिजे. कोण येणार ते टोळीची मोठी बाई ठरवेल. निरोप नवऱ्याच्या फोनवर नको, टोळीतल्या ज्या बाईजवळ स्वतःचा फोन आहे तिच्याकडे हवा. अशा बाया मला माहीत आहेत. तुम्ही होय म्हटलंत तर नेर आणि बाभुळगावलाही मी जाईन, दादांना गाडी काढायला लावीन.

मात्र मदत म्हणून नाही. घरच्या कामाला मदत म्हणतात आणि विसरतात. मितालीची जागा रिकामी आहे, ती मला द्या. कागदावर, माझ्या माहेरच्या आडनावासकट. मामाजींना हे तुम्ही सांगायचं, स्पीकर चालू असताना, आणि ओसरीत चार माणसं बसलेली असताना.

माझा हेवा गेला असं समजू नका. तुम्ही गेलात ते पुणं मी पाहिलेलं नाही, आणि ते मला रोज आठवतं. तुमचाही जाणार नाही. जाऊ नये, दोघींच्या पोटात दुखत राहिलं तर काम नीट होईल.

डिसेंबरअखेरीला चाळीस दिवस आहेत. लोभ कमीजास्त झाला तर सांभाळून घेईन, वाट्यात कमी करू नका.

तुमची वहिनी आणि, होकार आला तर, भागीदार,
निकिता