कपाटावर ठेवलेली रॅटल

नॉरफक,
रविवार, १४ सप्टेंबर १९५८

प्रिय क्लेम,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले, आणि मी उत्तराला चार वेळा बसले. चारही कागद चुलीत गेले. त्यात खोटं असं काही नव्हतं, पण वाचणाऱ्याला माझी दया यावी अशी वाक्यं आपोआप येत होती, आणि ती मला नको होती. म्हणून आज जेवणं उरकल्यावर, बाबा झोपलेत तोवर, स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून साधंच लिहायचं ठरवलं आहे.

तुझ्या म्यूरिएलच्या पाठीचं दुखणं कमी झालं का? कारखान्यातल्या तुझ्या नव्या साहेबाचं तू केलेलं वर्णन मी बाबांना वाचून दाखवलं. ते हसले. त्यांचं हसू आता एकाच गालावर येतं, पण ते हसू असतं हे मला कळतं.

तू विचारलंस, शाळेतली नोकरी सुटल्यापासून मी दिवसभर करते काय. चौदा महिने झाले. बाबांचं सगळं करते, आणि मधल्या वेळात शब्दकोशवाल्यांसाठी चिठ्ठ्या लिहिते. जुनी पुस्तकं वाचायची, एखादा शब्द कुठे कोणत्या अर्थानं आला ते चिठ्ठीवर उतरवायचं आणि टपालानं पाठवायचं. या वर्षी त्यांनी मला जे शब्द दिले त्यात एक होता ‘रॅटल’. मी म्हटलं, हे काय, तान्ह्या बाळाचा खुळखुळा, दुसरं काय असणार! पण शब्द उघडत गेला. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी शहरात रात्रीचे पहारेकरी ती लाकडी रॅटल कमरेला बांधून फिरत, चोर दिसला की गरगर फिरवत. कुरणात पिवळ्या फुलांचं एक रोप असतं, त्याच्या वाळल्या बोंडात बिया वाजू लागल्या की गवत कापणीला आलं असं समजत. त्या रोपाचं नावही तेच. जुन्या कादंबऱ्यांत अखंड बडबडणाऱ्या माणसाला रॅटल म्हणतात. तो अर्थ मला पुस्तकाआधीच ठाऊक होता. आई तुला त्याच नावानं हाक मारायची: “ए रॅटल, घास गिळ आधी, मग बोल!” आणखी एक अर्थ आहे, शेवटच्या तासात माणसाच्या घशातून येणाऱ्या आवाजाचा. ती चिठ्ठी मी लिहिली, पण पाठवली नाही. अजून पुस्तकात खूण म्हणून ठेवली आहे.

आपल्या घरातली रॅटल तुला आठवत असेलच. मूठ, दातेरी चाक आणि त्यावर आपटणारी लाकडी पट्टी. लढाईत बाबा हवाई हल्ल्याच्या पहाऱ्यावरचे वॉर्डन होते तेव्हा ती दाराशी खिळ्याला टांगलेली असे. ती वाजली तर विषारी वायू आला, मुखवटे चढवा. घंटा वाजली तर संकट टळलं. पाच वर्षं ती कुणी खाली काढली नाही. तू तुझी फुटबॉलची रॅटल, ती पिवळी-हिरवी, पोटमाळ्यावर टाकलीस, कारण मैदानातसुद्धा ती वाजवायला बंदी आली होती. तेव्हा बाबा तुला म्हणाले होते, “वाजव की, सगळं गाव मुखवटे घालून तुझ्या संघाचा खेळ बघेल. तसा तो बघवतही नाही म्हणा!”

पण त्यांच्यासाठी रॅटल म्हणजे वायूही नव्हता नि फुटबॉलही नव्हता. आठव्या वर्षी त्यांना हातात रॅटल देऊन पेरलेल्या गव्हावरचे कावळे हाकायला उभं करत, उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत, एकटं. ही गोष्ट तू घर सोडून गेल्यावर त्यांनी मला सांगितली, म्हणून लिहिते. दोन शेतांपलीकडे दुसरा एक पोरगा राखणीला असे. धुकं असलं की दिसत नसे. बाबा म्हणाले होते, “कावळ्यांसाठी मी कशाला वाजवू? कावळे काय, वळून पुन्हा तिथेच बसत. मी वाजवायचो त्या पोरासाठी. मी एकदा फिरवायचो, मग तो फिरवायचा. त्यानं फिरवली नाही तर मला रडू यायचं.” मी ते चिठ्ठीवर लिहून पाठवलं. उत्तर आलं, अतिशय सभ्य: छापील दाखला हवा, घरच्या माणसाच्या तोंडचं चालत नाही. मला तेव्हा हसू आलं होतं.

अर्धांगाचा झटका आल्यावर बाबांची वाचा गेली आणि उजवा हात गेला. डाव्या हातात ती जुनी रॅटल द्यायची कल्पना माझीच. पुढच्या खोलीत पलंग लावला, उशाशी रॅटल. एकदा वाजली तर पाणी, दोनदा तर लघवीचं भांडं. तीनदा वाजली तर काहीच नको, नुसतं येऊन जा. हा तिसरा नियम मीच केला, आणि करताना मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं.

क्लेम, तो आवाज तुझ्या लक्षात आहे ना? तो दातातून जातो. सुरुवातीला दिवसात तीनदा-चारदा येई. या उन्हाळ्यात मी डायरीत मोजू लागले. कशासाठी मोजत होते ते मी स्वतःला विचारलं, आणि उत्तर आवडलं नाही म्हणून विचारणं सोडलं. चार तारखेला, गुरुवारी, जेवणाच्या आत अकरा वेळा वाजली. अकराही वेळा तीनदा. प्रत्येक वेळी मी जात होते, ते माझ्याकडे बघत होते, मी “काय हवंय बाबा?” विचारत होते, त्यांना काही नको होतं. बाराव्या वेळी मी गेले, त्यांच्या हातातून रॅटल घेतली आणि कपाटावर ठेवली. रागाने नाही. रागाने ठेवली असती तर ते मला सोपं गेलं असतं. मी अगदी शांतपणे, पुस्तक ठेवावं तशी ठेवली, “थोडा वेळ, बाबा,” म्हणाले, आणि मागच्या अंगणात खुर्चीत जाऊन झोपले.

उठले तेव्हा ऊन भिंतीवरून उतरलं होतं. दोन तास झाले असतील. बाबा पलंग आणि कपाटाच्या मधे जमिनीवर होते. डावा हात वर, कपाटाच्या दाराला टेकलेला. कपडे ओले होते. डोळे उघडे होते.

आता जे लिहायचं आहे त्यासाठीच ते चार कागद जाळले. त्यांना एकटीनं उचलणं मला शक्य नव्हतं, शेजारच्या मिसेस लारवुडना बोलवायला हवं होतं. ते कळत असतानाही मी आधी कपाटाकडे वळले. हात उंच करून रॅटल काढली आणि बाबांच्या हाताशी जमिनीवर ठेवली. मग कुंपणाकडे धावले. बाबा हे सगळं बघत होते.

मिसेस लारवुड आल्या, रॅटल पाहिली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, “हे बघा! हाताशी आहे तरी वाजवली नाही. स्वतःच उठायला निघाले, राजेसाहेब! एमॉस थर्कटल, तुमच्यासारखा हट्टी म्हातारा सगळ्या नॉरफकमध्ये नसेल. आणि ही पोर तुमच्यापायी झिजून काडी झाली, तिचा तरी विचार करा!” आम्ही दोघींनी मिळून बाबांना पलंगावर उचललं. संध्याकाळी डॉक्टर आले, मोडलं काही नाही म्हणाले, फक्त खांद्याला मार आणि छातीत थोडी सर्दी. निघताना माझा हात हातात घेऊन म्हणाले, “मिस थर्कटल, तुमच्यासारख्या मुली फार थोड्या.” मी त्यांना फाटकापर्यंत पोचवलं. त्या रात्री डायरीत लिहिलं, ‘बाबा स्वतः उठू पाहताना पडले.’ वीस वर्षं डायरी लिहिते आहे. माझ्या माहितीत हे तिच्यातलं पहिलं खोटं वाक्य. ते मी खोडलेलं नाही. खाली आजची तारीख घालून खरं लिहिलं आहे.

पाचव्या दिवशी मी बाबांपाशी कबूल केलं. मी काय काय म्हणाले ते आता सलग आठवत नाही. त्यांनी ऐकलं, चांगल्या हातानं माझ्या मनगटावर थोपटलं, लहानपणी शाळेत सोडताना थोपटत तसं. मला वाटलं, संपलं. पण ते संपलं नव्हतं. रॅटल दहा दिवस उशाशी आहे, मूठ त्यांच्याकडे वळवून ठेवते, आणि त्यांनी ती एकदाही वाजवलेली नाही. पाण्यासाठी नाही, भांड्यासाठी नाही. तहान लागली तर माझी वाट बघतात. मला त्रास नको म्हणून असेल, किंवा माझ्यावरचा भरवसा गेला म्हणून असेल. दोन्हीतलं कुठलं, ते मला ठरवता येत नाही, आणि ते सांगू शकत नाहीत. मिसेस लारवुड म्हणाल्या, “बरं झालं बाई, कान सुटले तुझे!” मी आता दर दहा मिनिटांनी दाराशी जाऊन बघते. इतकी मी त्या अकरा वेळांतही दमले नव्हते.

काल पोटमाळ्यावर चढले आणि तुझी पिवळी-हिरवी रॅटल शोधून काढली. चाकात कोळ्यानं घर केलं होतं. आज जेवणाआधी मागच्या पायरीवर बसून मी ती एकदा फिरवली आणि थांबले. पुढच्या खोलीतून पलंग करकरला. मी धावत गेले. बाबांचा हात रॅटलच्या मुठीवर होता, बोटं वळलेली, मान दाराकडे उचललेली. दारात मला पाहिलं आणि हात हळूच पांघरुणात घेतला. त्यांना वाटलं होतं, तू आलास. क्लेम, तुझी रजा, म्यूरिएलची पाठ, मला सगळं कळतं. बाबांच्या मातीला येण्यासाठी म्हणून तू राखून ठेवलेली रजा आता घे. शनिवारच्या गाडीनं ये. आत येऊ नकोस, आधी मागच्या पायरीवर बस आणि एकदा फिरव. ते उत्तर देतील. मी कुंपणापलीकडे मिसेस लारवुडकडे थांबेन. खरं काय झालं ते मला त्यांनाही सांगायचं आहे. तिथून मला ऐकू येईल.

तुझीच,
हेस्टर