कृष्णविवराचा तक्ता

पुणे
४ मार्च २०२५

ती. अनंतकाकांस,
इरावतीचा शि. सा. न. वि. वि.

काका, रविवारपासून सात वेळा फोन केला. सातही वेळा काकूने उचलला आणि तुम्ही अंघोळीला गेलात असं सांगितलं. इतक्या अंघोळी तर तुम्ही दिवाळीतही करत नाही. म्हणून पत्र. मी हॉस्टेलवर होते तेव्हा तुम्ही दर पंधरवड्याला पत्र पाठवायचात आणि मी उत्तरादाखल दोन ओळींचा मेसेज टाकायचे. तेही आत्ता आठवलं.

मला लाज वाटते आहे. विज्ञान दिनाला सोसायटीने मला पाहुणी म्हणून बोलावलं ते तुमच्या शब्दावर. तुमच्या आकाशवर्गाची मुलं पुढे सतरंजीवर बसली होती. तुम्ही हौसेने तक्ता उलगडलात आणि सांगितलंत, की कृष्णविवर म्हणजे अवकाशातली मोरी, आजूबाजूचं सगळं ओढून घेते. उद्या सूर्याचं विवर झालं तर आठ मिनिटांत पृथ्वी आत. ते चूक होतं. पण तुमच्या कानात सांगता आलं असतं. मी माइक घेतला, हसले, आणि हे ज्ञान तुम्हाला कुठल्या महाभागाने दिलं असं विचारलं. सगळा हॉल हसला. मला त्या हसण्याची मजा वाटली, हे लिहिणंच सगळ्यात कठीण जातंय. तुम्ही तक्त्याची सुरळी केलीत आणि शेवटच्या रांगेत काकूशेजारी जाऊन बसलात.

पीएचडी करणारी मुलगी घरात आहे म्हणून तुम्ही सगळ्या मुलुंडभर सांगत फिरता. त्या मुलीने तुमच्याच मुलांसमोर तुमची ही गत केली. रागवा, पण फोन घ्या. काकूला नमस्कार. माझ्यावरचा लोभ थोडा उरला असेल तर तेवढा तरी राहू द्या.

तुमची,
इरावती


मुलुंड (पूर्व)
११ मार्च २०२५

चि. इरावतीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. अंघोळीची थाप काकूची. मी नुसता गॅलरीत उभा होतो.

तुझ्यावर राग नाही. लाज मला माझीच वाटते. मी बी.कॉम. झालेला माणूस, पस्तीस वर्षं टेलिफोन खात्यात गेली. कुणी सांगितलं होतं आकाश शिकवायला? चौदा वर्षं दर रविवारी हीच मोरी मी मुलांच्या डोक्यात भरली. भांडुप-नाहूरहून मुलं यायची. त्यातला नंदू आज शाळेत विज्ञान शिकवतो. तो वर्गात काय सांगत असेल, कोण जाणे.

वर्ग बंद केला आहे. परवा रविवारी मुलांना तसं सांगून टाकलं. कारण विचारू नकोस.

एवढं मात्र कळव. पृथ्वी आत जात नाही, तर मग होतं काय? आणि हे विवर असतं तरी केवढं? तक्त्यावर मी ते ताटाएवढं काढलं होतं. वर्ग असो नसो, बरोबर काय ते कळल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

जेवणाची हेळसांड करू नकोस. लोभ आहेच, त्यासाठी विनंती नको.

तुझा,
अनंतकाका


पुणे
१७ मार्च २०२५

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

आधी उत्तर. सूर्याचं वजन तेवढंच राहिलं आणि तो नुसता चेपला गेला, तर आपण आहोत तिथे त्याची ओढ जशीच्या तशी राहील. अंधार होईल, सगळं गोठेल, थोडक्यात आपली वाट लागेल. पण पृथ्वी मुकाट्याने वर्षाला एक फेरी मारत राहील. विवर कुणाच्या मागे धावत नाही. फार जवळ गेलं, एका हद्दीच्या आत, तर मात्र प्रकाशालाही परत फिरता येत नाही. त्या हद्दीलाच विवराचा आकार म्हणायचं. वजन दुप्पट, तर रुंदीही दुप्पट.

आपला सूर्य विवर व्हायला फार हलका आहे, तो होणार नाही. झालाच असता, तर ती हद्द साधारण सहा किलोमीटर रुंद, म्हणजे कांजूरमार्गपासून मुलुंडपर्यंत. पृथ्वीचं असं विवर करायचं तर ती गोटीएवढी होईल. आणि आकाशगंगेच्या मध्यावर आहे ते विवर चाळीस लाख सूर्यांच्या वजनाचं, तरी बुधाच्या कक्षेत आरामात मावेल. तुमचं ताटाएवढं विवर नेपच्यूनच्या वजनाचं झालं. तेव्हा तक्ता अगदीच वाया गेलेला नाही.

आता वर्ग सुरू करा. तुम्ही मुलांना गच्चीवर नेऊन शनी ओळखायला शिकवता, ते मला अजून धड जमत नाही. आणि ही मोरी ज्या पुस्तकात वाचलीत त्याचं नाव कळवा. लेखकाला असं पत्र लिहिते की पुन्हा लेखणी धरणार नाही!

उत्तर आणि आशीर्वाद दोन्ही लवकर पाठवा.

तुमची,
इरावती


मुलुंड (पूर्व)
२१ मार्च २०२५

चि. इरास,
काकूचे आशीर्वाद.

भाजीला जाते असं सांगून वाचनालयात बसून हे लिहिते आहे. दोन खोल्यांत फोनवर बोललेलं यांना ऐकू जातं.

पुस्तकाचं नाव पुन्हा विचारू नकोस. तुझं पत्र वाचून हे हसले आणि जेवता जेवता उठून गेले. पुस्तक नाहीच. तुझी वही आहे. तुझ्या बाबांची नागपूरला बदली झाली आणि नववीत तू आमच्याकडे राहिलीस, तेव्हा तू कृष्णविवरांवर प्रकल्प केला होतास. मोरी तुझी. आठ मिनिटं तुझी. तो गोल तू माझं ताट पालथं घालून काढला होतास. शाळेने पहिलं बक्षीस दिलं. यांनी तुझ्या वहीवरून तक्ता केला, बिल्डिंगमधल्या मुलांना कौतुकाने दाखवला, आणि त्यातून वर्ग उभा राहिला. लिहिणारी तू, म्हणून एका शब्दाबद्दलही यांना कधी शंका आली नाही.

तू महाभाग कोण ते विचारलंस, हे माझ्याजवळ येऊन बसले, तेव्हा मी खरं सांगायला उठतच होते. यांनी माझं मनगट धरलं. घरी आल्यावर, तुला सांगायचं नाही अशी शपथ घातली. ती मी आज मोडली.

आणि वर्ग का बंद झाला तेही ऐक. त्यानंतरच्या वर्गात मुलांनी विचारलं, की आजोबा, तुम्हाला चुकीचं कुणी शिकवलं? खोटं सांगायचं तर ते मुलांना, आणि खरं सांगायचं तर तुझं नाव घेऊन. दोन्ही जमेना. वर्ग बंद असं सांगून घरी आले. तेव्हापासून रविवारची सकाळ यांना खायला उठते.

तू वाईट मुलगी नाहीस. पण त्या दिवशी मला तू आवडली नाहीस. पुढे काय करायचं ते तुझं तू ठरव. माया कमी झालेली नाही.

तुझी,
वसुधाकाकू


पुणे
२५ मार्च २०२५

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

काकूवर रागावू नका. गेले दोन दिवस मी लॅबमध्ये कुणाकडे मान वर करून बघू शकले नाही. पुढचा मजकूर तुमच्या मुलांसाठी आहे. वर्ग भरवा आणि एकही शब्द न गाळता वाचा, एवढं ऐका.

प्रिय मुलांनो, आजोबांना कृष्णविवराबद्दल चुकीचं कुणी शिकवलं, ते तुम्ही विचारलं होतंत. मी शिकवलं. नववीत असताना मी ते न तपासता वहीत लिहिलं, आणि आजोबांनी माझ्यावर विश्वास ठेवला. पुढे मी खरं शिकले, पण स्वतःचीच चूक मला ओळखू आली नाही. आजोबांना आली आणि ते गप्प राहिले. बरोबर काय ते आता ते सांगतील. मी त्यांची आणि तुमची माफी मागते.

काका, याहून जास्त मागायला तोंड नाही.

तुमची,
इरावती


मुलुंड (पूर्व)
३१ मार्च २०२५

चि. इरावतीस,
अनेक आशीर्वाद.

काल पाडवा असूनही अकरा मुलं आली. पत्र वाचताना तुझं नाव मी गाळणार होतो, पण काकू समोर येऊन बसली आणि गाळू दिलं नाही. नंदूलाही बोलावून घेतलं होतं. त्याने सगळं लिहून घेतलं.

मुलांनी तुला तिथल्या तिथे माफ केलं. नववीत चुका व्हायच्याच असं बाळा म्हणाला. तो स्वतः तिसरीत आहे. मग कांजूर ते मुलुंड सांगितलं, गोटी दाखवली, बुधाची कक्षा खडूने काढली. मुलांनी शंका विचारल्या आणि जवळजवळ सगळ्यांची उत्तरं मला देता आली.

एक राहिली. क्षमा चौथीत आहे, फार बोलत नाही. तिने विचारलं, की ताई लहानपणी चुकली ते समजलं, पण मोठी झाल्यावर आजोबांना हसली का?

तुला विचारून कळवतो म्हटलं. ती म्हणाली, की पत्र नको, ताईलाच येऊ दे.

रविवारी सकाळी नऊ वाजता वर्ग आहे. जेवायला थांब, काकू वाट बघते आहे.

तुझा,
अनंतकाका