कचेरीतलं लांब काउंटर

ती. ताईस,
धाकट्याचा वाकून नमस्कार.

खटाक्, खटाक्! परवा आमच्या जुन्या नोंदणी कचेरीत पाऊल टाकलं आणि कानांत आधी शिक्क्यांचा आवाज घुमला. शाळेत आपण कविता म्हणायचो ना, त्याच चालीवर मी शिक्के मारायचो. आता कचेरी गेली, तिथे वाचनालय होतंय.

मी खुशाल आहे. जिना चढताना गुडघे जरा कुरकुरतात, एवढंच. तुझा खोकला गेला का?

पण ताई, ते लांब लाकडी काउंटर अजून आहे. साऱ्या गावाचे जन्म, लग्नं, मृत्यू त्याच्यावर नोंदले गेले. बाळाचं नाव सांगताना नवे बाप त्याची कड घट्ट धरायचे, म्हणून तिथलं लाकूड कसं गुळगुळीत झालंय. तेच आता मोडायचं घाटतंय.

मी हे सारं सांगितलं, तेव्हा वाचनालयाचं काम बघणाऱ्या आर्किटेक्टबाई म्हणाल्या, "आजोबा, तीन दिवसांनी बैठक आहे, तिथे जुन्या कर्मचाऱ्यांपैकी दोघं जरी बोलले, तरी ते वाचेल."

"दुसरा कुठून आणू, बाई? आमच्यातले सगळे गेले," मी म्हणालो. 

इथवर लिहिलं आणि दार वाजलं. उघडलं, तर काठी टेकून आमचे हेडक्लार्क उभे. बाईंनीच त्यांना शोधून काढलं. इतकी वर्षं मी ज्यांना कैलासवासी म्हणत आलो, तेच समोर.

म्हणाले, "मला मारलंस ते मारलंस, उद्या किती वाजता जायचं ते तरी सांग."

आता त्यांच्यासाठी चहा टाकतो; बैठकीत काय झालं ते पुढच्या पत्रात.

तुझा,
धाकटा