ओपलच्या वाळुंजाचा कोळसा

११ एप्रिल

रात्रीच्या वादळात ओढ्यापलीकडचं वाळुंजाचं झाड पडलं. मुळासकट! कॉडिलबाईंच्या अंगणात आडवं पडलंय, फांद्या पाण्यात. सकाळी कॉफी घेऊन ओट्यावर उभा राहिलो आणि बघतच बसलो. असं लाकूड मी दहा वर्षं शोधतोय. सरळ, बिनगाठीचं, आत्ताच पालवी फुटलेलं. बंदुकीच्या दारूला याच्यासारखा कोळसा नाही.

पण मागणार कुणाकडे? कॉडिलबाईंकडे?

१३ एप्रिल

विचारलं नाही.

१६ एप्रिल

हायरम आला होता. आमच्या नेमबाजीच्या क्लबात तो बंदुकीला विकतची दारू वापरतो आणि मला हसतो. म्हणाला, लेका, तीस वर्षं खाणीत कोळसा खणलास, फुप्फुसं काळी करून घेतलीस, आणि आता म्हातारपणी घरी कोळसा पाडतोस. वर म्हणाला, जा की, बाई काय खाईल तुला?

गेलो. सत्तर वर्षांचा बाप्या मी, ओढ्याच्या पुलावरून एकदा मागे फिरलो, मग पुन्हा गेलो. त्यांनी दार अर्धवट उघडलं.

"कशाला हवंय लाकूड?"

कोळशाला, म्हटलं.

"आणि कोळसा कशाला?"

खोटं बोलता आलं असतं. शेगडीला म्हटलं असतं तर चाललं असतं. नाही जमलं. बंदुकीच्या दारूसाठी, म्हटलं. दार लागलं.

१७ एप्रिल

गेलो नसतो तर बरं झालं असतं.

२२ एप्रिल

आज त्या स्वतः पुलावर आल्या. पूल ओलांडला नाही, मधोमध उभ्या राहिल्या. म्हणाल्या, ते झाड माझ्या नवऱ्यानं, एस्टिलनं लावलं होतं. नुसतं कुजण्यापेक्षा घेऊन जा. पण एक अट.

मला वाटलं, गोळीबार बंद करा म्हणतील. कबूलही केलं असतं बहुतेक.

"तुम्ही त्याचं काय करता ते मला पाहायचंय. सगळं. पहिल्यापासून."

हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

६ मे

पडवीत दोन खुर्च्या मांडल्या. माझी बायको नेव्हा गेल्यापासून दुसरी खुर्ची माळ्यावरच होती, धूळ पुसावी लागली.

साल सोलायचं काम. माझ्याकडे दोन्ही हातांनी ओढायची चांगली रंधासुरी आहे, तरी माझ्या पट्ट्या तुटतात. बाईंनी एप्रनच्या खिशातून बटाटे सोलायची छोटी सुरी काढली आणि हातभर लांब सालं ओढली – सरसर, एकसंध. आतलं लाकूड ओलं, पांढरं, काकडीसारख्या वासाचं. साल राहिली तर राख फार होते, असं मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. दोन तासांत वीसेक शब्द बोलल्या असतील.

जाताना म्हणाल्या, तुम्हाला सोलता येत नाही, थर्मन. तुम्ही नुसतं चिरत बसा.

७ मे

मी नुसतं चिरत बसलो. अंगठ्याएवढ्या काड्या. बरं वाटलं.

२४ जून

काड्या कडकडीत वाळल्या. आज भट्टी लावली.

पत्र्याचा डबा काड्यांनी ठासून भरला, झाकण घट्ट बसवलं. झाकणाला एकच बारीक भोक. डबा जाळावर ठेवला. आधी पांढरी वाफ – ते नुसतं पाणी. मग धूर पिवळा, दाट, डोळ्यांत जाणारा. मग भोकाशी काडी धरली आणि धुरानंच पेट घेतला! बोटभर निळी ज्योत. कॉडिलबाई पुढे वाकून बघत होत्या. लाकूड आतून बोलतंय, म्हणाल्या.

अर्ध्या तासानं ज्योत बारीक झाली, विझली. लगेच डबा काढला आणि भोक मातीनं लिंपलं. बघू या ना, म्हणाल्या. मी नको म्हटलं – गरम असताना उघडला की वारा लागतो आणि सगळं पेटून राख होतं. उद्यापर्यंत थांबायचं.

"एवढा वेळ थांबायचं?"

तेवढंच तर अवघड असतं, मी म्हटलं. बाकी सगळं सोपं.

२५ जून

सहा वाजता दारावर थाप. बाई! एका हातात कॉफीचा थर्मास, दुसऱ्यात मक्याचा पाव, फडक्यात गुंडाळलेला. मी अजून अंडरशर्टवर.

डबा उघडला. काड्या जशाच्या तशा, फक्त काळ्या आणि निम्म्याहूनही हलक्या. एक उचलून दुसरीवर टिचकी मारली – काचेसारखा किणकिण आवाज. त्यांनीही मारली. मग पुन्हा. बोटं काळी झाली, गालावर एक रेघ उमटली, त्यांना कळलं नाही. मी सांगितलं नाही.

२ जुलै

दाढी केली. उगाच.

९ जुलै

हायरम म्हणतो, खोऱ्यात बोलवा आहे की थर्मनच्या अंगणात रोज धूर दिसतो, गडी दारू गाळतोय. मी म्हटलं, दारूच करतोय, पण प्यायची नाही. त्यावर तो खुर्च्यांकडे बघून म्हणाला, चढलेली तर दिसतेय.

गाढव आहे. पण हसू आलं.

१९ ऑगस्ट

कोळसा कुटून, वस्त्रगाळ करून झाला. पुढचं, दारू कालवायचं काम घरापासून लांब, मी एकटा करतो. तिथं ओपलला येऊ दिलं नाही. तिनंही हट्ट केला नाही.

(ओपल लिहिलं. राहू दे. तोंडावरही आजकाल तेच येतं.)

चिमूटभर दारू पांढऱ्या कागदावर ठेवून पेटवली. फक्कन गेली! कागदावर जेमतेम करडी सावली. एवढी स्वच्छ माझ्या हातून कधी झाली नव्हती.

नंतर एक बार काढला. ओपल पुलापलीकडे कानांवर हात ठेवून उभी होती. आवाज झाला तेव्हा डोळे मिटले. पण गेली नाही.

१७ सप्टेंबर

हे नाव या वहीत मी कधी लिहिलं नाही. आज लिहितो. वेंडेल.

ओपलचा एकुलता एक. एकोणीस वर्षांचा होता. स्वतःच्या हातानं ठासणीची बंदूक जोडली होती त्यानं, अक्रोडाच्या दस्त्याची. ती घेऊन माझ्याकडे आला – "थर्मनकाका, नीट शिकवाल का?" मी म्हटलं, येत्या रविवारी ये. रविवारी मी मासे पकडायला गेलो. विसरलो. इतकंच. विसरलो!

पुढच्या शनिवारी बाप-लेक हरणाच्या शिकारीला टेकडीवर गेले. दोघंच, आपापली बंदूक घेऊन. कुंपण ओलांडताना वेंडेलनं स्वतःची बंदूक नळीकडून ओढली आणि ती उडाली – असं एस्टिलनं सांगितलं. पोराला खांद्यावर घेऊन दोन मैल उतरला तो. शेरीफनं त्याच्याकडे एकदा बघितलं आणि जास्त काही विचारलं नाही. त्यानंतर एस्टिल चौदा वर्षं जगला, पण धड कुणाशी बोलला नाही. ओपलशीही नाही.

कुंपण ओलांडताना बंदूक कशी धरायची, हे मी पहिल्या दिवशी शिकवतो. पहिल्या दिवशी!

त्याला सव्वीस वर्षं झाली, आणि मी ओढ्याच्या अलीकडेच राहिलो. आता ती रोज माझ्या पडवीत बसते आणि मी गप्प.

१ ऑक्टोबर

सांगितलं. घेवडा निवडत बसलो होतो. रविवारचं सांगितलं, माशांचं सांगितलं. सगळं सांगितलं.

तिनं हातातली शेंग पूर्ण सोलली. दाणे वाटीत टाकले. उठली, एप्रन झटकला आणि पूल ओलांडून गेली. तिची वाटी इथंच राहिली.

७ ऑक्टोबर

क्लबाची स्पर्धा. पन्नास यार्डांवर पाचपैकी चार गोळ्या निशाणाच्या काळ्या वर्तुळात. तेवीस वर्षांत पहिल्यांदा मी पहिला आलो. हायरमनं सगळ्यांसमोर मला मिठी मारली. सगळे विचारत होते, कोळसा कुठला?

शेजारणीच्या झाडाचा, म्हटलं.

१५ ऑक्टोबर

पलीकडे दिवा लागतो आणि विझतो. वाटी धुऊन ठेवली आहे. नेऊन द्यायचं धाडस नाही.

२१ ऑक्टोबर

ओपल आली. न विचारता खुर्चीत बसली. मी उभाच.

ओढ्याकडे बघत म्हणाली, तुमच्यावर राग धरून बघितला. तीन आठवडे बघितला. टिकेना.

"माझा राग वेंडेलवर आहे, थर्मन. सव्वीस वर्षं. असा कसा निष्काळजी झाला? चार पोती उचलताना मला थांबवायचा, पाठ दुखेल म्हणून. आणि स्वतःच्या जिवाची एवढीही काळजी घेतली नाही? मेलेल्या पोरावर आईनं रागवावं का? पण मी रागावलेय. पहिलं वर्षभर थडग्यावर फूल ठेवलं नाही मी."

मी तिच्या शेजारी बसलो. तिचा हात हातात घेतला. तिनं घेऊ दिला.

मग म्हणाली, त्याची बंदूक अजून घरात आहे. त्या संध्याकाळी तिनंच ती ब्लँकेटमध्ये गुंडाळली, कपाटात ठेवली आणि किल्ली गळ्यात घातली. एस्टिलनं एकदाही विचारलं नाही. कुणाचा हात लागू दिला नाही. आता ती घरात नको. मी घेऊन जावी. उद्या.

२२ ऑक्टोबर

बंदूक घेऊन आलो. ओपलही मागोमाग आली, ओट्यावर बसली आहे. मी आत, टेबलाशी.

जुनी ठासणीची बंदूक हातात आली की आधी नळीत ठासायचा गज सोडून बघायचा. रिकामी असेल तर तळाला टणकन लागतो.

लागला नाही. तीन बोटं वरच अडला. कापडात बसवलेली गोळी, खाली दारू – जशी भरली होती तशीच. कानाशी, म्हणजे ठिणगी आत जायच्या भोकाशी, काजळीचा डाग नाही. चकमकीचा दगड अजून धारदार. दोनदा बघितलं. तिसऱ्यांदा बघितलं.

ही बंदूक त्या दिवशी उडालीच नव्हती.

टेकडीवर बंदुका दोनच होत्या.

पाणी ओतून दारू भिजवली आहे. आता हात धुतो, बाहेर जातो आणि तिला सांगतो.