कौन? काम क्या? कौनसा पन्ना?

विष्णुपुरी रस्ता, नांदेड
गुरुवार, दुपार

प्रिय तय्यब यास,

गुरुपादप्पाचा नमस्कार आणि सलाम, दोन्ही. (एक तू ठेव, एक तुझ्या सुनेला, आलियाला दे. कुठला कुणी घ्यायचा ते घरात ठरवा.) तुझा गुडघा कसा आहे? साखर तपासतोस का, की अजूनही तपासायच्या आदल्या दिवशी जिलेबी सोडून तेवढ्यावर डॉक्टरला फसवतोस? नातू अम्मार शाळेत रमला का? लातूरला नळाला पाणी कितव्या दिवशी येतं? इकडील सर्व क्षेम आहे. सर्व म्हणजे मी.

पोस्टाचं पाकीट बघून घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही. फोन करता आला असता, नंबर आहे माझ्याकडे. पण फोन उचलल्या उचलल्या तू “हां सर, बोलिए सर” म्हणतोस आणि जे सांगायचं ते माझ्या गळ्यातच राहतं. मग मी हवापाणी विचारतो, तू हवापाणी सांगतोस, आणि दोघं फोन ठेवतो. पत्रात तुला मध्येच ‘सर’ म्हणता येत नाही, ही पत्राची मोठी सोय आहे. तेव्हा चहा सांग आलियाला, पाय वर घे आणि वाच, कारण प्रकरण लांब आहे आणि अमेरिकेपर्यंत गेलेलं आहे.

झालं असं, की अमेरिकेत दोन कंपन्या भांडत आहेत. दोघींचा धंदा एकच, लोकांचं क्लाऊडवरचं सामान सांभाळणं. (क्लाऊड म्हणजे ढग नव्हे. आपले कागद, फोटो, हिशेब आपल्या घरी न ठेवता दुसऱ्याच्या मोठ्या कॉम्प्युटरवर ठेवायचे आणि तो नीट सांभाळील ना म्हणून आयुष्यभर काळजी करायची, याला क्लाऊड म्हणतात.) नावं अवघड आहेत, म्हणून एकीला मी निळी म्हणतो, तिच्या पाटीचा रंग निळा आहे, आणि दुसरीला कुलूपवाली. कुलूपवालीने दोन हजार नऊ साली पेटंटचा अर्ज केला, की आत आलेल्या माणसालाही पावलापावलावर पुन्हा ओळख विचारायची आणि कुणालाही त्याच्या कामाच्या तुकड्यापलीकडे काही दाखवायचं नाही, ही युक्ती आमची. पेटंट मिळालंही. निळीही तेच करत होती, म्हणून कुलूपवालीने तिला कोर्टात खेचलं. आता निळीला दाखवायचं आहे, की ही युक्ती दोन हजार नऊच्या आधीच कुठेतरी छापून आली होती, म्हणजे ती कुलूपवालीची नव्हेच. त्यांनी जगभरातले कागद उपसले, आणि काय सापडलं असेल? आपल्या कॉलेजचा दोन हजार सहाचा वार्षिक अंक. पान एकेचाळीस. ‘संगणक कक्षातील भरवशाचा प्रश्न’, लेखक गु. म. बिराजदार, संगणक विभाग. ग्रंथालयाने मध्यंतरी जुने अंक स्कॅन करून ठेवले होते, आणि निळीच्या वकिलांत अयोध्या नावाच्या एक बाई मूळच्या नायगावच्या निघाल्या. त्यांनी ते मराठीतून वाचलं आणि मला फोन केला.

तुला आठवतो ना तो लेख? (हा प्रश्न मी उगाच विचारला. पुढे कळेल.)

बाई म्हणाल्या, सर, तुमची साक्ष नोंदवायची आहे, आमच्या कंपनीच्या सुरक्षित खोलीत या. खोली म्हणजे मोबाईलवरच. सकाळी दहाची वेळ होती, मी आंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घालून बसलो. आधी ओटीपी मागितला, दिला. मग चेहरा दाखवा म्हणाली, दाखवला. मग डोळे मिचकावा म्हणाली. आता सदुसष्टाव्या वर्षी कुणी आपल्याला डोळे मिचकावायला सांगेल असं मला वाटलं नव्हतं, पण कोर्टाचं काम म्हणून मिचकावले. नेमक्या त्याच वेळी धुरपताबाई (सकाळी येऊन दोन भाकरी आणि एक भाजी करून जातात) पीठ संपलं हे सांगायला आल्या, आणि मोबाईलकडे बघून डोळे मिचकावणारा मी त्यांना दिसलो. “सर, बरं हाय न्हवं?” एवढंच म्हणाल्या आणि मागच्या मागे गेल्या. दोन दिवस भाजीत मीठ कमी होतं, बहुतेक माझं ब्लडप्रेशर त्यांनी मनावर घेतलं. असो. मी आत शिरलो. घसा कोरडा पडला म्हणून उठून पाणी प्यायलो. परत येतो तर बाहेर! पुन्हा ओटीपी, पुन्हा चेहरा. आत गेल्यावर बाईंनी अंकाचं मुखपृष्ठ दाखवायला सांगितलं, त्यासाठी वेगळा ओटीपी. पान एकेचाळीस उघडायला आणखी वेगळा. तेवढ्यात चष्मा पुसायला काढला, तर पाटी आली की तुम्ही ते नव्हे. एकूण चाळीस मिनिटं मी माझ्याच लेखाच्या दारात उभा होतो. शेवटी बाई कंटाळल्या आणि साध्या व्हॉट्सॲपवरून फोन करून म्हणाल्या, सर, असंच बोलू या.

पण त्या चाळीस मिनिटांत मला दुसरंच काही दिसत होतं. इथल्या इतवाऱ्यातला तुझा तेव्हाचा छापखाना, आणि आतल्या खोलीच्या दारात स्टुलावर बसलेला तू. प्रश्नपत्रिकांचं काम असलं की चार पानं चौघांत वाटलेली, एकाला दुसऱ्याचं पान दिसायचं नाही. कुणी लघवीला जाऊन आला तरी तुझं सुरू, “कौन? काम क्या? कौनसा पन्ना?” आणि मला! समोरच्या टपरीवर तू आणि मी एका कपातला चहा दोन बशांत पिऊन, रस्ता ओलांडून बरोबर परत यायचो, तू स्टुलावर बसायचास आणि कपाळावर आठ्या घालून मलाच विचारायचास, “कौन?” पहिल्यांदा मी चिडलो होतो. तेव्हा तू म्हणालास, “अप्पा, बाहरवाले को तो सब पूछते. अंदर आया उसको कोई नै पूछता. चोरी अंदरवालाच करता.” त्यानंतर मीही दारात उभा राहून शाळेतल्या पोरासारखं उत्तर द्यायचो, “अप्पा. प्रूफ बघायला. तीन नंबरचं पान.” मगच तू हसून बाजूला व्हायचास.

तर बाईंची पहिली अडचण अशी, की अंक छापला म्हणजे लोकांपर्यंत पोचला असं कोर्ट धरत नाही. तेव्हा तो हाती घेतलेला, वाचलेला एक तरी माणूस शपथेवर सांगणारा हवा. मी म्हटलं, एक कशाला, पन्नास देतो. आणि तय्यब, मी वाचक शोधायला निघालो. पदार्थविज्ञानाचे हणमंतराव छातीवर हात ठेवून म्हणाले, मी वाचला, फार सुंदर लेख. बाईंना फोन लावून दिला, तर त्यांना सांगू लागले की लेख विहीर पुनर्भरणावर होता आणि त्यातला बंधाऱ्याचा भाग विशेष चांगला होता. मग रेल्वेने मुदखेडला गेलो, ग्रंथालयाच्या अण्णारावांकडे. त्यांनी मला वरण-भात, लोणचं वाढलं, मनाजोगतं जेवू दिलं आणि मग सांगितलं, “सर, अंक वाटले हाव. पाचशे वाटले, मीच वाटले, शपथेवर सांगतो. पण गॅदरिंगला मैदान वलं हुतं, पोरं त्याच्यावर बसली. वाचला म्हणून सांगनारं कुणी भेटंल असं मला वाटत न्हाई. मी बी न्हाई वाचला.” परतीच्या गाडीत खिडकीशी बसून मी हिशेब केला. तीस वर्षं शिकवलं, एकच लेख लिहिला, आणि त्यावर पाचशे पोरं बसली. हसू आलं आणि लगेच फार एकटं वाटलं. घरी येऊन बायकोला सांगावं तर घरात आता कुणी नाही. कमलम्मा असती तर निदान म्हणाली असती, की बसली तरी.

खरं म्हणजे हणमंतराव नको होते आणि मुदखेडही नको होतं. त्या लेखाचा एक वाचक मला पहिल्या दिवसापासून माहीत होता. ज्याने तो अक्षर अक्षर टाईप केला, त्याने वाचला होता. मी तुझ्याकडे येणं टाळत मुदखेडपर्यंत जाऊन आलो, एवढंच.

आणि बाईंनी पुढचं विचारलं तेव्हा टाळायची सोय संपली. त्या सहज म्हणाल्या, सर, ही कल्पना तुम्हाला कशी सुचली? मी पाणी प्यायलो. (व्हॉट्सॲप होतं, बाहेर फेकला गेलो नाही, दुर्दैव.) मग सांगितलं. छापखाना, स्टूल, चार पानं, सगळं. बाई खूश झाल्या, म्हणाल्या, मग तर खरे साक्षीदार तेच, पण सर, त्यांचं नाव लेखात का नाही? मी म्हटलं, विसरलो.

तय्यब, मी विसरलो नव्हतो. हस्तलिखितात शेवटची ओळ होती, ‘ही रीत माझे मित्र तय्यब यांनी आपल्या छापखान्यात बसवली, मी ती तिथे शिकलो.’ मग मनात आलं, की प्राचार्य वाचतील, विभागप्रमुख वाचतील, इंजिनियरिंग कॉलेजातला मास्तर इतवाऱ्यातल्या छापखान्यात शिकतो म्हणून हसतील. (कोण वाचणार होतं! सगळे बसणार होते!) म्हणून मी ती ओळ खोडली. खोडायची तरी नीट खोडावी, एकच रेघ मारली. अक्षर माझं टपोरं, खालचं सगळं लख्ख दिसत होतं. तू तो कागद हातात घेऊन आतल्या खोलीतून दारात आलास, ओळीवर बोट ठेवलंस आणि विचारलंस, “ये लाइन लेनी की नै लेनी, सर?”

अप्पा नाही. सर. तेव्हाच पहिल्यांदा.

आणि मी म्हणालो, नको, जागा कमी आहे. अंक छापून आला तर पान एकेचाळीसवर लेखाखाली अर्धं पान मोकळं! तिथे तू कमळाचं चित्र टाकलं होतंस. स्कॅनमध्ये ते कमळ लेखापेक्षा उठून दिसतं, बाईंनी मुद्दाम कौतुक केलं त्याचं. त्या दिवसापासून एकोणीस वर्षं तू मला सर म्हणतोस, आणि मी तुला कधी विचारलं नाही की का, कारण मला माहीत होतं. तू भांडला असतास तर बरं झालं असतं. तू चहालाही येत राहिलास, फक्त दारात मला ‘कौन’ विचारणं बंद केलंस. सरळ “आइए सर” म्हणायचास. आत येऊ द्यायचास, काही न विचारता. मला वाटतं तेवढी मोठी शिक्षा कुणी कुणाला दिली नसेल.

कमलम्मा गेली तेव्हा तू सगळ्यांच्या आधी आलास, मंडपवाल्याला तूच सांगितलंस, पोरांची गाडी येईपर्यंत माझ्याजवळ बसलास. आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालास, “सबर करो सर.” मला तिच्या जाण्याचं रडू येत होतं, आणि त्यातच या एका शब्दाचंही आलं. ती मला अप्पा म्हणायची आणि तू म्हणायचास. ती गेली, तू लातूरला गेलास. आता या गावात दूधवाल्यापासून बँकेपर्यंत सगळे मला सर म्हणतात. मान आहे, नाही असं नाही. पण दिवसभरात कुणी अप्पा म्हणून हाक मारत नाही, आणि संध्याकाळी मला ते जाणवतं.

तेव्हा आता कामाचं. बाईंना तुझी साक्ष हवी आहे. तू शपथेवर एवढंच सांगायचं, की अंक तू दोन हजार सहा साली छापलास, लेख वाचलास, आणि युक्ती मुळात तुझी होती. अमेरिकेतल्या कोर्टात तुझं नाव जाईल. कळव. आलियाला आशीर्वाद, अम्मारला पापा.

तुझा,
गुरुपादप्पा

ता. क. – वरचं ‘कामाचं’ खोटं आहे. मागच्या मंगळवारीच अयोध्याबाईंचा निरोप आला, दोन्ही कंपन्यांनी आपसात मिटवलं. एकमेकींची पेटंटं दोघींनी वापरायची, कोर्ट बंद, साक्ष कुणाचीच नको. एवढ्या मोठ्या कंपन्या, कोट्यवधींचं भांडण, आणि मिटवायला त्यांना दोन वर्षं पुरली. आपल्याला एकोणीस लागली, आणि आपलं तर भांडणही झालं नव्हतं. तरी पत्र लिहून काढलं, कारण साक्षीच्या निमित्ताशिवाय सुरुवात कशी करावी ते सुचत नव्हतं.

ता. क. २ – सोबत एक कोरा कागद आहे. पूर्ण कोरा नाही. ती ओळ त्यावर शाईने लिहिली आहे, खाली सही आणि तारीख. बाकी सगळं पान मोकळं आहे, कमळ काढायचं तर काढ.

ता. क. ३ – पुढच्या रविवारी सकाळच्या बसने निघतो, अहमदपूरला चहा घेऊन अकरापर्यंत लातूरला पोचेन. खरी विनंती ही, की दार आलियाला उघडू देऊ नकोस. तू उघड, गुडघा दुखत असेल तर दारात स्टूल टाकून बस. “आइए सर” म्हणालास तर मी मुकाट्याने आत येईन, चहा पिईन आणि दुपारच्या बसने परत जाईन, रागावणार नाही. पण जमलं तर आधी मला विचार. कौन? काम क्या? उत्तर मी इथूनच पाठ करून येतो आहे. अप्पा. काम काही नाही.