शंभर ताटं, एक अवर सचिव

१४ डिसेंबर २०२५, रविवार. सकाळी साडेआठ
दिल्लीच्या हवेचा एक्यूआय ४३८. घसा बसलाय. काल सोसायटीत भंडारा झाला. दरवेळी दुसऱ्या दिवशी मागच्या भिंतीपाशी थर्माकोलच्या प्लेटांचा ढीग पेटतो आणि धूर थेट आमच्या बाल्कनीत येतो. आज धूर नाही. कारण प्लेटाच नव्हत्या, स्टीलची ताटं होती. 'बर्तन बैंक' म्हणे. सी ब्लॉकमधल्या कृष्णात चौगुल्यांनी काढलीय. रिटायर्ड सुभेदार, मूळचे कागलकडचे. कार्यक्रमाला ताटं न्या, परत आणून द्या, फुकट. धुणार व्हॉलंटियर्स. आमचे सेक्रेटरी भटनागरजी लिफ्टमध्ये नऊ मजले त्यांचंच कौतुक करत होते.
कल्पना माझी आहे. २०२३ साली मी सोसायटीला चार पानी नोट दिली होती. ती विचाराधीन आहे.
मला राग वगैरे आलेला नाही. नोंद म्हणून लिहितोय.

२१ डिसेंबर, रविवार
चौगुल्यांनी ताटं धुवायला बोलावलं. बघतो म्हणालो. अवर सचिव दर्जाच्या माणसाने नळाखाली बसावं का, हा प्रश्न आहे. बायको, प्रज्ञा, मात्र मला न विचारता गेली. परत आली ती बाह्या ओल्या आणि हसत. चौगुले फार मजेशीर बोलतात म्हणाली. मीही मजेशीर बोलतो. सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये राहायचो तेव्हा हसायची ती.
संकल्प: रोज जेवताना एक विनोद.

२२ डिसेंबर
विनोद सांगितला. अक्षया म्हणाली, बाबा, 'पाणउतारा' म्हणजे क्या होता है? मुलगी दिल्लीत वाढल्याचे परिणाम. समजावण्यात जेवण संपलं. संकल्प स्थगित.

२८ डिसेंबर, रविवार
महत्त्वाचं. २६ जानेवारीला झेंडावंदनानंतर सोसायटीच्या पर्यावरण समितीचा अध्यक्ष जाहीर होणार. भटनागरजींनी स्वतः सांगितलं.
३१ जानेवारीला मी रिटायर होतोय. अडतीस वर्षं नोकरी, त्यातली शेवटची सहा दारावर नावाची पाटी. एक फेब्रुवारीपासून मला कोण कशाला हाक मारणार? मला हे अध्यक्षपद हवंय. चौगुल्यांना कशाला? त्यांना तर पार्किंगपासून गच्चीपर्यंत सगळे आत्ताच हाका मारतात.
निर्णय: स्वतःची बँक. ताटं त्यांच्यापेक्षा जड.

४ जानेवारी २०२६, रविवार. संध्याकाळी
सरोजिनी नगर मार्केटमधून शंभर ताटं. नाव घालणं आलंच. आमच्याकडे आईच्या काळापासून नावाशिवाय भांडं घरात येत नाही. चौगुल्यांच्या ताटांवर काहीच नाही, बेवारशी दिसतात. मजकूर मीच ड्राफ्ट केला, तीन दुरुस्त्यांनंतर फायनल:
श्री सुधाकर तांबवेकर
अवर सचिव, भारत सरकार
१९८८ – २०२६
नोकरीची वर्षं घालायचं शेवटच्या क्षणी सुचलं. नाव घालणाऱ्याने विचारलं, दोनों साल डालने हैं? हो म्हटल्यावर त्याने मशीन बंद केलं, हात जोडले आणि माझ्यासाठी चहा मागवला. पदाला अजून मान आहे.

११ जानेवारी
ग्रुपवर बँकेबद्दल तीन मेसेज टाकले. एक अंगठा आला, तो प्रज्ञाचा. ताटं अक्षयाच्या दिवाणात ठेवलीत. झाकण नीट बसत नाही, त्यामुळे ती सध्या उतारावर झोपते. पर्यावरणासाठी थोडी कळ सोसावी लागते असं मी तिला म्हटलं. ती काहीतरी हिंदीत म्हणाली.

१५ जानेवारी, गुरुवार. संध्याकाळी सहा
यश! बी ब्लॉकमधल्या सक्सेनांच्या आजीची रविवारी तेरहवीं. आपलं तेराव्याचंच, पण इथे जेवण लग्नासारखं मोठं. चौगुल्यांची ताटं कॅन्टोन्मेंटमध्ये एका लग्नाला गेलीत, म्हणून त्यांनीच सक्सेनांना माझ्याकडे पाठवलं. शेवटी माझं नाव त्यांच्या तोंडून आलं!

१८ जानेवारी, रविवार. दुपारी चार
ऐतिहासिक दिवस. शंभरच्या शंभर ताटं वापरात. मी मुद्दाम गेलो नाही, काम बोलायला हवं. बाल्कनीतून पाहिलं. जेवण झाल्यावर लोक ताट पुसून नाव वाचत होते. एका बाईंनी तर कपाळाला लावलं. कितीतरी जण ताट छातीशी धरून घरी गेले. धुऊन आणतील. असलं सहकार्य चौगुल्यांच्या बँकेला कधी मिळालेलं नाही.

१९ जानेवारी
परत आलेली ताटं: सात. आलेले फोन: एकोणीस. सगळे प्रज्ञाला.
इकडे काही घरांतून तेरहवींला वारलेल्या माणसाच्या नावाचं भांडं वाटतात. वर नाव, खाली दोन सालं. लोकांनी वाचलं आणि आठवण म्हणून घरी नेलं. सक्सेनांची आजी आणि मी, दोघांचं एकत्रच उरकलं असा समज झाला. डी ब्लॉकच्या एका बाई प्रज्ञाजवळ रडल्या. म्हणाल्या, सिर्फ अड़तीस साल!
अडतीस. लांबून मी तेवढाच दिसत असणार.
ग्रुपवर माझ्यासाठी चौऱ्याऐंशी 'ॐ शांति'. दोघांनी लिहिलं, बहुत मिलनसार थे. मी जिवंत असल्याचा मेसेज टाकला. त्याला एक अंगठा. या वेळी तोही प्रज्ञाचा नाही.

२१ जानेवारी
चौगुले दोन दिवस दारोदार फिरून माझी ताटं गोळा करतायत. मी सांगितलं नव्हतं. बहुतेक सगळी आणली. पण आता ती कार्यक्रमाला कुणी नेत नाही, अपशकुन म्हणे. चौगुले म्हणाले, साहेब, बफ मारून नावं काढून टाकू, ताटं लई चांगली आहेत. मी म्हटलं, प्रस्ताव विचाराधीन ठेवू.
प्रज्ञाने त्यांना पोहे दिले. वर दुसऱ्यांदा वाढले.

२६ जानेवारी
अध्यक्ष: चौगुले.
ते उठून म्हणाले, कुर्सी रहने दीजिए, ताटं धुवायला एक मोठा टब द्या. अर्धं हिंदी, अर्धं मराठी, तरी सगळ्यांना कळलं. टाळ्या थांबेनात. असला साधेपणा मुद्दाम असतो, मी ऑफिसात पुष्कळ पाहिलाय. प्रज्ञाने शिट्टी वाजवली. तिला शिट्टी येते हे मला तीस वर्षांत माहीत नव्हतं.

१ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळी पाच
रिटायरमेंटचं जेवण. सोसायटीचा हॉल. माझ्या ताटांत जेवायला कुणी तयार नाही, म्हणून प्रज्ञाने चौगुल्यांची आणली. जेवणं झाली तरी कचऱ्याची एक पिशवीसुद्धा भरली नाही. हे मान्य करावं लागेल.
मी हार काढून जेवायला बसलो. शेजारी भटनागरजींचे मेहुणे, फरीदाबादहून आलेले, इथे कुणालाच ओळखत नव्हते. त्यांनी ताट उलटं करून पाहिलं. नाव कुठेच नाही. किसकी हैं, विचारलं. समोरच्या ओळीतून चार जणांनी एकदम सांगितलं, चौगुलेजी की. वाढप्याने सांगितलं. अक्षयाने सांगितलं. मीही सांगितलं, तोंडातून निघून गेलं.
हेवा वाटतो मला त्या माणसाचा. डिसेंबरपासून वाटतोय.
मेहुण्यांनी मग माझ्याकडे वळून विचारलं, और आप? आप भी उनके साथ हैं?
समोर प्रज्ञा बघत होती. मी म्हणालो, जी. इतवार को बर्तन धोता हूँ.
मी एकदाही गेलेलो नाही. आता आठ तारखेच्या रविवारी जावं लागणार.