दाराआड नको, खुर्चीत बस

विष्णुपुरी, नांदेड

प्रिय आई,
सप्रेम जय भीम.

मी मजेत हाय. होस्टेलची भाजी पाणचट असली तरी तुझी शेंगदाण्याची चटणी पुरवून खाऊन राहिले. तुझे गुडघे कसे हायेत? फोन बाबांच्या खिशात असतो, म्हणून पत्र.

रविवारी नायगावची मंडळी मला बघायला येणार, तर मी येते जळकोटला. पण ऐक.

सुट्टीत आपण दोघींनी पाहिलेली कोरियन मालिका आठवते? तिथंबी आया स्थळं आणतात. पण ती वकील पोरगी मान खाली घालून बसली न्हाई. तिनंच मुलाला विचारलं, "मी कोर्टात गेले की घरी स्वयंपाक कोण करणार?" तो घटाघटा पाणी प्यायला लागला आणि तू हसत म्हणालीस, "लई बरं केलं पोरीनं!"

मीबी विचारणार हाय. आवाज कापणार न्हाई, बहुतेक.

ताईच्या वेळी तू पोहे बाहेर पाठवून दाराआड उभी होतीस. या वेळी पोहे बाबा आणतील. तू माझ्या शेजारी खुर्ची टाकून बस. आणि मी विचारलं, की मालिका बघताना म्हणालीस तेच म्हण. मोठ्यानं.

तुझीच,
धम्मप्रिया